साखर, वजन आणि रात्रीची गोळी – प्रकल्प नोंदी, नागपूर

९ जानेवारी २०२४

रिपोर्ट हातात आला. उपाशीपोटी शुगर १६८, जेवणानंतर दोन तासांनी २५४, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१. वजन ८८.२ किलो, उंची १७० सेंटिमीटर, पोटाचा घेर १०४. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही हद्द मानतात, म्हणजे मी हद्दीच्या बराच पुढे गेलेलो. लॅबवाल्या ताईंनी रक्त घेताना विचारलं, घरात सिकलसेल कोणाला आहे का? विदर्भात हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण लाल पेशी लवकर मरत असतील तर एचबीएवनसी खोटं कमी दाखवतं, ते मोजमाप पेशीच्या साधारण १२० दिवसांच्या आयुष्यावर उभं आहे. आमच्यात नाही, लग्नाआधी दोघांनीही तपासून घेतलं होतं. म्हणजे ८.१ हा आकडा खरा.

साइटवर रोजचा डीपीआर (कामाचा अहवाल) भरायची बारा वर्षांची सवय आहे, किती मीटर लाइन टाकली, किती माणसं आली, काय अडलं, उद्याचं काय. हेही तसंच लिहिणार. डोक्यात ठेवलं तर माझ्याकडून दोनच गोष्टी होतात, एक तर घाबरतो नाही तर विसरतो.

पार्श्वभूमी. बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं तो आजार), २००९ पासून. मन स्थिर ठेवणाऱ्या लिथियम ९०० वर बरीच वर्षं गाडी ठीक चालली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी घुसलं, त्यानंतर सलग रात्रीची कामं लागली, झोप मोडली, आणि ऑक्टोबरात मी चढलो. घरात आम्ही त्याला चढणंच म्हणतो. ओलांझापिन १५, म्हणजे ही रात्रीची गोळी, सुरू झाली. दोन-तीन आठवड्यांत उतरलो, कामावर परत गेलो, पोरगी परत माझ्याजवळ अभ्यासाला बसायला लागली. त्या गोळीने मला परत आणलं हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण पुढे याच गोळीबद्दल बरंच वाईट लिहावं लागणार आहे. तेव्हा वजन ७९ होतं. तीन महिन्यांत नऊ किलो.

आणि तहान. नोव्हेंबरपासून रात्री चार-चारदा उठून राहिलो होतो, बाटली उशाशी. मी म्हणायचो लिथियमचं आहे. लिथियमने तहान आणि लघवी वाढतेच, पंधरा वर्षं तेच ऐकलंय, म्हणून दुसरं काही असेल असं मनातच आलं नाही. दोन महिने असे गेले.

११ जानेवारी

शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो. फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधे' असा रकाना होता. मी कोरा सोडला. रांगेत मागे आमच्याच लेआउटमधले एक काका बसले होते, कागद टेबलावर उघडा पडणार होता आणि लिथियम वाचलं की लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले इतक्या कमी वयात इतकं वजन, तोंडावर ताबा ठेवा, चाला, महिनाभराने या. ऐकून घेतलं. त्यांना कारण सांगितलंच नव्हतं तर त्यांनी दुसरं काय सांगावं.

पण 'तोंडावर ताबा' हे शब्द घरी येईपर्यंत कानात वाजत होते. मी आळशी माणूस नाही. साइटवर दिवसाला आठ-नऊ हजार पावलं होतात माझी.

१३ जानेवारी

रात्री गोळी हातात घेऊन बराच वेळ बसलो. साधा हिशेब डोक्यात आला, गोळी सुरू झाली अन् वजन वाढलं, शुगर आली, मग गोळी बंद केली की सगळं जाईल. हिने, बायकोने, पाहिलं. काही बोलली नाही, पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला आणि म्हणाली, "२०१६ आठवते ना तुम्हाला?"

आठवते. २०१६ मध्ये मी असंच स्वतःच्या मनाने सगळं बंद केलं होतं, बरं वाटून राहिलं होतं म्हणून. सहा आठवड्यांनी भरती व्हावं लागलं, पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती, हिच्या बांगड्या गहाण पडल्या.

गोळी घेतली. या प्रकल्पाचा पहिला नियम इथेच लिहितो: शुगर कितीही येवो, रात्रीची गोळी मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना विचारल्याशिवाय मी कमी करणार नाही की बंद करणार नाही.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळाचा एक लाडू घेतला, लहान. आईने दुसरा पुढे केला, मी नाही म्हटलं तर तिचं तोंड उतरलं. तिला अजून सांगितलं नाही.

१९ जानेवारी

मानसोपचाराच्या मॅडमकडे. आज पाऊण तास दिला त्यांनी. रिपोर्ट पाहून त्या आधी गप्पच बसल्या, मग म्हणाल्या, ही गोळी सुरू करताना वजन, घेर, बीपी, शुगर, चरबी हे सगळं मोजून ठेवायला पाहिजे होतं, चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला वजन आणि तीन महिन्यांनी शुगर परत. ऑक्टोबरात तुम्हाला झोपवणं हीच घाई होती, ते राहून गेलं, माझ्याकडून राहिलं. डॉक्टरने असं तोंडाने म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं.

मग समजावलं. ओलांझापिन मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही कुलपांवर जाऊन बसतं, त्यातली काही कुलपं 'पोट भरलं' हा निरोप पोचवण्याच्या कामाची असतात. निरोपच पोचत नाही, म्हणून भूक लागते, आणि ती भूक खोटी नसते, ती शरीराला खरोखर लागलेली असते. दुसरं म्हणजे ही गोळी इन्सुलिनचं काम थेटपण बिघडवू शकते, म्हणजे वजन फारसं न वाढताही काहींची शुगर चढते. या बाबतीत क्लोझापिन आणि ओलांझापिन सगळ्यात वर, क्वेटियापिन-रिस्पेरिडोन मधे, अरिपिप्राझोल-लुरासिडोन बरेच खाली. त्यात माझे बाबा शुगरवाले. थायरॉइडही तपासलं, कारण लिथियमने थायरॉइड मंदावलं तरी वजन वाढतं. टीएसएच ३.१, ठीक. किडनीचं क्रिएटिनिन ठीक.

मी सरळ विचारलं, मग गोळी बदलून टाका ना. त्या म्हणाल्या, चढून उतरायला तीनच महिने झालेत, आत्ता हात लावला आणि तुम्ही परत चढलात तर शुगरचं पथ्य कोण पाळणार? आधी शुगरची गोळी मेटफॉर्मिन लागू द्या, एप्रिलमध्ये ओलांझापिनकडे बघू.

घरी आलो अन् आईला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, तुझ्या बाबाले सांगून-सांगून थकली होती मी, तू तरी ऐकशील.

२४ जानेवारी

शुगरच्या डॉक्टरांकडे परत गेलो आणि कोरा रकाना भरला. त्यांनी वाचलं, मान वर केली आणि म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. खरं आहे. मेटफॉर्मिन ५०० रात्रीच्या जेवणासोबत, आठवड्यानंतर दिवसातून दोनदा.

त्यांना मी एक कागद दिला आणि मॅडमना तोच कागद फोनवर पाठवला. एका पानाचा तक्ता आहे, दोन्ही डॉक्टर एकच पान पाहतील. रकाने असे: रात्रीच्या गोळ्या घेतल्या की नाही, झोपेचे तास, सकाळची उपाशी शुगर, एका जेवणानंतरची शुगर, पावलं, आणि शेवटी 'काय वेगळं झालं'. वजन फक्त रविवारी, कारण रोज काटा पाहिला की माझा दिवस खराब जातो. गोळ्यांचा रकाना पहिला ठेवला. झोपेचा रकाना मी नाही, बायको भरणार, कारण चढायला लागलो की मी किती झोपलो हे मी खरं सांगत नाही, मला स्वतःलाच ते कळत नाही.

७ फेब्रुवारी

पोट बिघडलं. मेटफॉर्मिन दिवसाला दोनदा झाल्यावर तीन दिवस जुलाब. तसं सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं, चारचौघांसाठी ते फक्त त्रासाचं, पण माझ्या पोटात लिथियम आहे. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. तिसऱ्या दिवशी चहाचा कप धरताना हात नेहमीपेक्षा जास्त थरथरला. मॅडमना फोन. त्यांनी लिथियमचा संध्याकाळचा डोस थांबवायला सांगितला, सकाळी शेवटच्या डोसला बारा तास होऊन गेल्यावर लिथियमची लेव्हल करायला सांगितली, मीठ-साखर-पाणी घोट-घोट. मला वाटलं साखर कशी काय घेऊ, तर त्या म्हणाल्या एका लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आज शुगर थोडी वर गेली तर चालेल, लिथियम वर गेलेलं चालणार नाही.

लेव्हल ०.९८ आली, नेहमी ०.७ असते. डोस थांबवूनही इतकी, म्हणजे आदल्या दिवशी आणखी वर असेल. दुसऱ्या दिवशी मेटफॉर्मिन हळूहळू सुटणारी दिली आणि जेवणाच्या मधेच घ्यायला सांगितली. पोट दोन दिवसांत जागेवर आलं.

तक्त्याच्या मागच्या बाजूला लाल पेनाने लिहून ठेवलं: उलट्या, जुलाब, हात जास्त थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, यातलं काहीही झालं की वाट पाहायची नाही, फोन करायचा. हे फ्रिजवरही लावलं.

११ फेब्रुवारी

भुकेबद्दल लिहायचं राहून जातं. ज्याने ही गोळी घेतली नाही त्याला ती भूक सांगून कळत नाही. रात्री साडेनऊला गोळी, साडेदहाला स्वयंपाकघरात उभा. नुकतंच जेवण झालेलं, पोटाला हात लावला तर भरलेलं आहे, आणि तरी डबे उघडून राहिलो. डब्यात शेव, चिवडा, गूळ, जे हाती लागेल ते. नंतर अंथरुणात पडून स्वतःची लाज वाटायची. मॅडमनी कुलपांचं सांगितल्यापासून ती लाज थोडी कमी झाली, भूक नाही झाली.

तीन गोष्टी केल्या. जेवण साडेसातवरून साडेआठवर आणलं, गोळी साडेनऊलाच. म्हणजे भूक येते तेव्हा पोटात जेवण ताजं असतं. दुसरं, शेव-चिवडा-बिस्किटं घरात आणायचीच नाहीत, हे सोपं नाही कारण घरात पोरगी आहे, तिच्या डब्याचं काय, तर हिने तिच्यासाठी मुरमुरे-शेंगदाणे-फुटाणे असं सुरू केलं आणि पोरीने एक शब्द काढला नाही. तिसरं, रात्रीसाठी हक्काचं काहीतरी ठेवायचं, नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. काकडी, मुळा, गाजर चिरून डब्यात, आणि एक वाटी आंबट ताक. पाच दिवसांत तीन रात्री टिकलो.

२० फेब्रुवारी

ग्लुकोमीटर आणून आठ दिवस झाले. आज दुपारी बोट टोचलं तर ३१२. हातपाय गळाले. साइट ऑफिसच्या खुर्चीत बसलो, डोळ्यांपुढे बाबांचे शेवटचे दिवस आले, पायाची जखम, ते सगळं. मग सुपरवायझर म्हणाला, साहेब तुम्ही आत्ता संत्रं सोलून खाल्लं ना.

मृग बहाराची संत्री आता बाजारात आलीत, एकाने काटोलहून टोपलीभर आणली होती. बोटांना रस लागलेला. साबणाने हात धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं. १७४.

एक पट्टी वाया गेली. आता डब्यावर चिकटवलं आहे: आधी हात. आणि अचाट आकडा आला की दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय त्याच्यावर काही करायचं नाही.

३ मार्च

तीन आठवडे एकाच प्रकारचा नाश्ता दोन-दोनदा खाऊन दोन तासांनी शुगर पाहिली. फक्त माझे आकडे आहेत, दुसऱ्याच्या शरीरात वेगळे येतील.

तर्री पोहे, दोन प्लेट, चौकातल्या टपरीवर: २३८ आणि २२९. वर्षानुवर्षं साइटवर जायच्या आधी हाच नाश्ता होता. एक प्लेट पोहे, पोहे कमी अन् वर चण्याची उसळ जास्त, त्याला सांगून घेतले तर १८३. पोह्यावाल्या भाऊने काही न विचारता चमच्याने चणे वाढवले, आता मी गाडी लावली की तो तसंच करतो.

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण: १५१, १५६. हे आईचं जेवण. मी कॉलेजला असताना नाक मुरडायचो. भात मात्र आमच्या घरात सुटत नाही, हिचं माहेर भंडाऱ्याचं, तिथे भाताशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. एक वाटी मोजून घेतो, आधी भाजी-वरण आणि शेवटी भात, तरी १९० च्या आसपास. दुपारी भात आणि लगेच पंधरा मिनिटं चाललं तर १६५. जेवणानंतरची ती पंधरा मिनिटं सकाळच्या तासभर फिरण्यापेक्षा जास्त कामाची ठरून राहिली आहेत, निदान माझ्यासाठी.

सावजीचं महिन्यातून एकदा ठेवलं आहे. तिखटाने शुगर वाढत नाही, तेल आणि सोबतच्या पोळ्यांनी वाढते. रस्सा कमी, मटण तेवढंच, पोळी दीड.

वजन ८६.९.

१६ मार्च

आजची नोंद महत्त्वाची आहे.

बीपी १४६/९४, मागच्या खेपेलाही तसंच होतं. शुगरच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहिली. शुगरवाल्याला बीपीसाठी ही गोळी चांगलीच, किडनीलाही जपते, त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. चिठ्ठी लिहून होईपर्यंत मी तक्ता उलटा करून लाल अक्षरं त्यांच्यापुढे ठेवली. मॅडमनी जानेवारीतच तिथे लिहायला लावलं होतं: लिथियमसोबत विचारल्याशिवाय नको – बीपीच्या 'सार्टन' आणि 'प्रिल' गोळ्या, लघवीच्या गोळ्या, दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या. या सगळ्यांनी लिथियम रक्तात साचतं.

डॉक्टरांनी वाचलं, तिथूनच मॅडमना फोन लावला. दोघं पाच मिनिटं बोलले, मी समोर बसून ऐकत होतो. अॅम्लोडिपिन ठरली. शुगरच्या नव्या गोळ्यांमधल्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचंही बोलणं झालं, त्या लिथियमला खाली नेऊ शकतात आणि अंगातलं पाणीही कमी करतात, म्हणून उन्हाळा जाईपर्यंत नकोच असं ठरलं.

पाच मिनिटं. दोन चांगले डॉक्टर, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे एक कागद नसता तर एप्रिल-मे मध्ये माझं काय झालं असतं ते मला लिहायचं पण नाही. बसस्टॉपवर उभा राहून हिला फोन केला आणि मला नीट बोलता आलं नाही.

गुडघ्यासाठी मूव्ह मलम घ्यायला गेलो, केमिस्टने डायक्लोफेनॅकची गोळी पुढे केली, नको म्हटलं, पॅरासिटामॉल घेतली.

२५ मार्च

धुळवड. पुरणपोळी एक, अर्धी सकाळी अर्धी संध्याकाळी. २०४. ठीक आहे.

१२ एप्रिल

तीन महिने. एचबीएवनसी ७.१. वजन ८५.३. लिथियम ०.७२.

मॅडम म्हणाल्या आता हात लावू. ओलांझापिन १५ वरून १०, सोबत अरिपिप्राझोल ५. दर तीन आठवड्यांनी पाहणार. घाई नाही. हिला त्यांनी वेगळं बसवून सांगितलं, झोप सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली की मला फोन, यांना विचारत बसू नका.

४ मे

अवघड आठवडा. लिहायला चार दिवस लागले.

ओलांझापिन १० वर आल्यावर भूक खरंच कमी झाली, रात्री डबे उघडणं आपोआप थांबलं, मला वाटलं जिंकलो. २६ एप्रिलपासून पायात बेचैनी सुरू झाली, एका जागी बसवत नव्हतं, जेवताना उठून दोन चकरा मारून परत बसायचो. झोप पाच तास, मग साडेचार, मग चार. तिसऱ्या रात्री दोन वाजता मी गच्चीवर जाऊन साइटचा पूर्ण नवा शेड्युल लिहीत बसलो आणि मला तो फार भारी वाटून राहिला होता. ही वर आली. म्हणाली, "तुम्ही खाली चला, मी मॅडमना मेसेज टाकला आहे." मी चिडलो. तुला माझं बरं होणं पाहवत नाही का असं म्हणालो. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहितो, कारण मी चढताना काय बोलतो ते पुढच्या वेळी मला ओळखता आलं पाहिजे.

सकाळी मॅडमनी बोलावलं. पायातली बेचैनी ही अरिपिप्राझोलची, त्याला अकाथिसिया म्हणतात, आणि झोप जाणं थोडं त्याने, थोडं चढायला लागल्याने. अरिपिप्राझोल बंद, ओलांझापिन परत १५, पाच दिवस सुट्टी. काल सात तास झोपलो. आज हिच्यासमोर बसून माफी मागितली. ती म्हणाली, रकाना भरायचा आहे, किती वाजता झोपलात ते सांगा.

शुगर या आठवड्यात उपाशी १४८ पर्यंत गेली. जाऊ दे.

२१ मे

पारा ४४. दुपारी साइट बंद, काम सकाळी साडेपाच ते अकरा आणि संध्याकाळी. लिथियमवाल्याला नागपूरचा उन्हाळा जपून काढावा लागतो, घामाने पाणी-मीठ गेलं की फेब्रुवारीतलीच गोष्ट परत. बीपीमुळे एकाने सांगितलं मीठ एकदम तोडा. मॅडम म्हणाल्या एकदम नका तोडू, मीठ अचानक कमी झालं की लिथियम वर चढतं, रोज साधारण सारखं ठेवा. म्हणून लोणचं-पापड गेलं पण जेवणातलं मीठ तेच.

साइटवर दोन थर्मास, एकात पाणी, एकात जिरं-मीठ घातलेलं ताक. कैरीचं पन्हं गुळाऐवजी नुसतं मीठ-जिऱ्याचं, पोरीला आवडत नाही, मला आवडायला लागलं. लेव्हल मुद्दाम या महिन्यात केली, ०.७८.

चालणं उन्हात नाही. रात्री जेवण झाल्यावर लेआउटमध्येच, दोघं, पंधरा-वीस मिनिटं. ११ जानेवारीला रांगेत मागे बसलेले काका रोज भेटतात. परवा त्यांनी विचारलं, कोणती गोळी चालू आहे? मी सगळ्या सांगितल्या. ते थोडं थांबले, मग म्हणाले त्यांचा धाकटा भाऊ पण लिथियमवर होता.

३१ मे

काल रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दाखवलं आणि शहरभर फोन सुरू झाले, मजुरांच्या घरून पण. हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडलेला होता, दुसऱ्या काही केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. मला माझं संत्र्यावालं ३१२ आठवलं. मजुरांना तेच समजावलं, एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहायचा, पण ४४ पण कमी नाही, सावलीत बसा, पाणी प्या.

१८ जून

मृग लागला तरी पाऊस नाही, उकाडा आहे. ओलांझापिन परत हळू कमी करणं सुरू, यावेळी दुसरी कोणती गोळी न जोडता, १५ वरून १२.५, महिनाभर तिथेच. झोप साडेसहा-सात. भूक एप्रिलमध्ये गेली तशी गेली नाही, पण जानेवारीसारखी पण नाही.

वजन ८४.६. दोन आठवडे इथेच अडकलं आहे. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी शुगर-बीपीवर फरक पडतो, ८८ चे पाच टक्के म्हणजे जवळपास साडेचार किलो. ७९ परत येईल का माहीत नाही. मला आधी तोच आकडा हवा होता. आता गोळी १० वर टिकली, झोप टिकली आणि वजन ८२ ला थांबलं तरी मला मान्य आहे.

१३ जुलै

एचबीएवनसी ६.८. उपाशी ११९. वजन ८३.७, घेर ९९. बीपी १२८/८२. लिथियम ०.७०. ओलांझापिन कालपासून १०. क्रिएटिनिन, टीएसएच ठीक. मेटफॉर्मिन सुरू आहे म्हणून बी-१२ वर्ष झालं की तपासायचं, जानेवारीच्या पानावर लिहून ठेवलं.

तक्त्याची नवीन वही घातली. पोरीने रेघा आखून दिल्या, पहिला रकाना गोळ्यांचा, दुसरा झोपेचा, तिने न विचारता तसेच आखले.

पुढचं काम: २० तारखेला डोळ्यांचा पडदा तपासायचा आहे. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, तीन-चार तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. दादा येतो म्हणाला, साडेदहाला.